पाय बरा व्हायच्या आधीची साक्ष

साक्ष द्यायला माझी ना न्हाई. देवानं केलं तर चारचौघांत उभं राहून सांगावं, चांगलीच गोष्ट हाय. पण पाय बरा झाला म्हणून साक्ष द्यायची असंल तर आधी पाय बरा होऊ द्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. पण आमच्या घरात माझं म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं चर्च उदगीरला. मंडळी लई मोठी न्हाई, पण तोंडं मोठी हायत. रविवारी उपासनेत गीतं झाली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग कुणीतरी उठतं. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची हरवलेली म्हैस सापडली, कुणाच्या सुनेचं बाळंतपण नीट झालं. सांगायचं, शेवटी "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं, सगळ्यांनी "हालेलुया" म्हणायचं अन् खाली बसायचं. लहानपणापासून बघत आले, मला त्यात कधी वावगं वाटलं न्हाई. म्हशीची साक्ष देणारी सुमनबाई तर म्हैस दावणीला बांधून, धार काढून मगच चर्चला आली होती. बघा, तिला कळतं. आमच्या ह्यांना कळलं न्हाई.

आमचे हे म्हणजे सुदर्शन. एस.टी.त कंडक्टर होते, आता रिटायर. उभी हयात "पुढं सरका, पुढं सरका" म्हणण्यात गेली, त्यामुळं आवाज असा की माइक बंद पडला तरी काम अडत न्हाई. प्रार्थना करतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येतं. माझ्याही यायचं, खोटं कशाला बोलू. माणूस भक्तीचा हाय. पहाटे गुडघ्यावर बसतो, कुणाच्या दुखण्याला, कुणाच्या मयतीला न बोलावता धावतो. फक्त एक खोड. चूक कबूल करायची म्हणलं की जिवावर येतं. मोडतील पण वाकणार न्हाईत. अन् वरून स्वतःला नम्र समजतात! "मी तर प्रभूच्या पायाची धूळ," असं म्हणतात, अन् एवढ्या मोठ्यानं म्हणतात की खरोखर धूळ उडावी.

तर झालं असं. ईस्टरला ह्यांनी नवे बूट घेतले, अन् बूट चावला. शुगर जुनीच, त्यामुळं अंगठ्याखाली जो फोड आला तो बसायचं नाव घेईना. मी रोज कोमट पाण्यानं पाय धुवायचे, तनूनं लातूरहून पाठवलेलं मलम लावायचे, पट्टी बांधायचे. तनू म्हणजे तनुजा, आमची लेक, लातूरला दिली हाय. महिला मंडळानं घरी येऊन प्रार्थना केली, त्यांचे चहा-पोहे मीच केले. अन् एक दिवस जखमेनं कातडी धरली. वरून कोरडी, साफ. मला बी बरं वाटलं. मी म्हणलं, आता लातूरला जाऊन एकदा डॉक्टरला दाखवू, म्हणजे मनाला घोर न्हाई.

कशाचं काय! रविवारी पाळकसाहेबांनी विचारायचा अवकाश, हे उभे. आमच्यात बायका एकीकडं बसतात, पुरुष एकीकडं, न्हाईतर मी सदऱ्याला धरून खाली ओढलं असतं. म्हणाले, "प्रभूनं माझं पाऊल बरं केलं! औषध न्हाई, मलम न्हाई, निव्वळ प्रार्थना!"

मलम न्हाई? मग मी दोन्ही वेळा गुडघे मोडून खाली बसून काय लावत होते, लोणी? सगळं चर्च हालेलुया म्हणून राहिलं अन् मी आपली बसल्या जागी धुमसून राहिले. शेजारची म्हणती, "वहिनी, केवढा विश्वास हो भाऊंचा!" मी म्हणलं, हाव.

घरी आल्यावर विचारलं, "मलम न्हाई कामून म्हणाले?"

"अगं, मलम पण शेवटी प्रभूनंच दिलं ना?"

"मग तसं सांगायचं. प्रभूनं दिलं, तनूनं पाठवलं, उज्वलानं लावलं."

"साक्षीत एवढं बारीक बारीक सांगत न्हाईत," म्हणाले अन् जेवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून शुगरच्या गोळ्या बंद. का तर साक्ष दिली, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मी बोलले, ओरडले, जेवण वाढताना ताट आपटलं. काही उपयोग न्हाई. मग मी गोळी कुटून पिठल्यात घालायला लागले. एके दिवशी म्हणाले, "उज्वले, पिठलं कडू लागून राहिलं." म्हणलं, बेसन जुनं हाय. तर हे स्वतः जाऊन नवीन बेसन घेऊन आले! तेही कडू लागलं, तेव्हा कळलं. त्यावर मला अर्धा तास उपदेश केला, विश्वासघात म्हणजे काय ह्यावर.

अन् साक्ष काही उदगीरात थांबली न्हाई. चांगलं बोलणारा माणूस सापडला की आमच्या लोकांना दम निघत न्हाई. रेणापूरच्या मंडळीनं बोलावलं. तिथं सांगताना पाऊल काळं पडलं होतं असं सांगितलं. कधी पडलं होतं? मी धुवत होते की, मला न्हाई दिसलं! पुढच्या गावच्या साक्षीत तर डॉक्टरनं पाय कापायला सांगितला होता. मी परतीच्या गाडीत विचारलं, "कोणत्या डॉक्टरनं?" तर खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हणलं, एक दिवस तुमी मेले होते अन् उठले म्हणून पण सांगाल. त्यावर दोन दिवस बोलले न्हाईत. बरंच झालं, घरात शांतता होती.

पण पायाला कुठं साक्ष ऐकू येती? वरून धरलेल्या कातडीखाली आत पू होऊन राहिला होता. अंगठा सुजला, लाल झाला, मग जांभळा. हे घरातसुद्धा मोजे घालून बसायला लागले. उन्हाळ्यात मोजे! मी काय आंधळी हाय? वास यायला लागला तेव्हा म्हणाले, "उंदीर मेला असंल कुठंतरी." मी खरंच सगळं घर झाडून काढलं. न्हाई, मला माहीत होतं. पण माणसाच्या मनाला वाटतं, उंदीर असावा.

मी तनूला फोन केला. तिनं नातवाचा वाढदिवस म्हणून बापाला लातूरला बोलावलं अन् तिथून सरळ दवाखान्यात नेलं. वाढदिवस तर दिवाळीत असतो, पण हे विसरले होते. डॉक्टर भला माणूस. त्यानं बघितलं, दाबलं, म्हणाला, "हा अंगठा काढावा लागेल. लगेच काढला तर अंगठ्यावर भागेल. वर चढलं तर पाऊल जाईल. उद्या दाखल व्हा."

हे म्हणाले, "होतो की. पण नांदेडची सभा झाली की."

मी म्हणलं, "कसली सभा?"

नांदेडला मोठी जागृती सभा होती, जिल्ह्या-जिल्ह्यांतून मंडळी येणार, अन् त्यात ह्यांची साक्ष ठेवलेली. पुढच्या आठवड्यात. डॉक्टर माझ्याकडं बघतो, मी तनूकडं बघते, तनू भिंतीकडं बघती. डॉक्टरनं पुन्हा समजावलं. ह्यांनी हात जोडले, "साहेब, विश्वासाचा प्रश्न हाय."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. रस्त्यावर, लोकांच्या देखत म्हणलं, "विश्वासाचा न्हाई, इज्जतीचा प्रश्न हाय! बरं झालं म्हणून गावभर सांगितलं, आता बरं न्हाई म्हणायला तोंड न्हाई तुमाला. देवाचं नाव कशाला घेता मधी?"

"लोक काय म्हणतील, उज्वले? सुदर्शनचा विश्वास खोटा निघाला म्हणतील. प्रभूच्या नावाला बट्टा लागंल."

"प्रभू बघून घेईल त्याच्या नावाचं! तुमच्या अंगठ्याएवढंच हाय का त्याचं नाव?"

तनू रडायला लागली म्हणून मी गप बसले. हे उदगीरला परत. लातूरच्या दवाखान्यातला पलंग रिकामाच राहिला.

शेवटचा इलाज म्हणून पाळकसाहेबांकडं गेले. पोरगेलेसे हायत, पण मनाचे चांगले. संध्याकाळी घरी आले, ह्यांच्याजवळ बसले. म्हणाले, "भाऊ, डॉक्टरकडं जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. मीही चष्मा लावतो." त्यावर ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "पाळकसाहेब, तुमी अजून नवे हायत. आपण तुमच्या विश्वासासाठी प्रार्थना करू." अन् केली! ते बिचारे डोळे मिटून बसले अन् आमेन म्हणून निघून गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा आता." मीच बघते की! लग्न झाल्यापासून मीच बघून राहिले.

मी आपली चुलीपुढं उभी राहून देवाला म्हणलं, ह्यांना अक्कल दे, न्हाईतर मला ह्यांना उचलून न्यायची ताकद दे. दोन्हीतलं एक. त्यानं तेव्हा तरी दोन्ही दिलं न्हाई.

सभेच्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला निघालो. मी कशाला गेले म्हणाल? हा माणूस स्टेजवर कोसळला तर उचलणार कोण? गाडीतला कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं पुढची सीट दिली, ह्यांनी त्याला पण साक्ष सांगितली. पायात तेच बूट, लेस सैल सोडलेली, आत माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. स्टँडवर उतरताना लंगडले. "बसून बसून मुंग्या आल्या," म्हणाले. मी रिक्षा केली अन् तोंडातून अवाक्षर काढलं न्हाई. बोलले असते तर रिक्षावाल्यानं आमाला मधीच उतरवलं असतं.

सभा एका मैदानावर मांडवात होती. हार्मोनियम, ढोलकी, मोठे पंखे, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. गीतं चालू होती. साक्षी देणाऱ्यांना स्टेजच्या मागं कनातीत खुर्च्या ठेवल्या होत्या, तिथं आमी बसलो. ह्यांचं अंग तापलं होतं. मी कपाळाला हात लावून बघितला तर हात झटकला.

तेवढ्यात एक बाई कनातीत आली. साठीची असंल, खुर्च्यांना धरत धरत चालत होती. ह्यांना बघितल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. "सलाम कंडक्टर भाऊ! ओळखलं का? मी गुणाबाई, रेणापूरची. तुमी आमच्याकडं साक्ष दिली होती ना, मी पुढंच बसले होते."

"सलाम, सलाम," हे म्हणाले, आमच्या मंडळीत नमस्काराला सलामच म्हणतात. ओळखलं नव्हतंच.

"भाऊ, मला बी शुगर हाय. रोज सुई टोचून घेत होते. तुमची साक्ष ऐकली अन् त्याच दिवशी बंद केली. लेक लई ओरडती. मी म्हणलं, कंडक्टर भाऊला प्रभूनं बिनऔषधाचं बरं केलं, मला न्हाई करणार का? मी काय त्याची न्हाई?" असं म्हणून हसली. "फक्त चक्कर येऊन राहिली, अन् डोळ्याला धुकं दिसतंय. तुमी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा भाऊ, म्हणजे तेवढं पण जाईल."

अन् ती ह्यांच्यापुढं खाली मातीत बसली अन् डोकं वाकवलं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. बोलायला माझ्याकडं ढीगभर होतं. इतके दिवस साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण ह्यांचं तोंड बघितलं. रंगच उडाला होता माणसाचा. हात गुणाबाईच्या डोक्यापर्यंत नेला अन् तिथंच अधांतरी थांबला. बाहेर ढोलकी वाजून राहिली, बाई डोळे मिटून वाट बघून राहिली, अन् हा माणूस, जो झोपेतसुद्धा प्रार्थना म्हणतो, त्याच्या तोंडातून शब्द निघंना.

मग हात मागं घेतला अन् बुटाच्या लेसला घातला. गाठ सुटंना. मी म्हणलं, "सरका," अन् मी सोडली. बूट काढला, मोजा काढला, पट्ट्या सोडल्या. शेवटची पट्टी कातडीला चिकटली होती. वास सुटला तशी गुणाबाईनं डोळे उघडले. तिनं नाकाला पदर लावला, मग बघितलं, अन् पदर आपोआप खाली आला.

"अगं माय गं! भाऊ, हे काय? तुमी तर बरं झालं म्हणाला होता!"

"खोटं बोललो, गुणाबाई."

मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. तिकिटाच्या हिशोबात चूक निघाली तरी हे मशीनला दोष द्यायचे.

"आधी खरंच वाटलं बरं झालं," ते म्हणाले. "मग कळलं, न्हाई झालं. पण तोवर सगळ्यांना सांगून बसलो होतो. लाज वाटली. तुमी सुई चालू करा. आजच. माझ्यावर भरवसा ठेवू नका."

आता ही बाई रडंल, न्हाईतर पाया पडंल असं मला वाटलं. कशाची! तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे मग मला सांगायचं की, मेल्या! मी उगं मरून गेले असते ना! लेकीनं माझ्या तोंडावर दार आपटलं तुझ्या साक्षीपायी!" भाऊचा मेल्या व्हायला अर्धं मिनिट पण लागलं न्हाई. मी मनात म्हणलं, बोल बाई, बोल, मी दमले.

हे खाली मान घालून ऐकत बसले. मग ती पण थांबली. पायाकडं बघत म्हणाली, "लई दुखतंय का?"

"दुखत न्हाई. तेच वाईट असतं म्हणतो डॉक्टर."

ती धडपडत उठली. जो हात ह्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायचा होता, तो तिनं ह्यांच्या डोक्यावर ठेवला अन् म्हणाली, "देवा, हा माणूस येडा हाय, पण तुझा हाय. ह्याला बघ. मला पण बघ. आमेन." झालं. एवढीच प्रार्थना. मी एवढी छोटी प्रार्थना आमच्या चर्चमधी कधी ऐकली न्हाई.

अन् तेवढ्यात माइकवरून हाक आली, "उदगीरचे बंधू सुदर्शन! टाळ्यांनी स्वागत करा!"

मी म्हणलं, "जाऊ नका. मी सांगते त्यांना, तब्येत बरी न्हाई म्हणून. रिक्षा बघते."

"न्हाई," म्हणाले. "अजून किती गुणाबाया बसल्यात तिथं, काय माहीत."

एका पायात बूट अन् एक पाय उघडा, असे स्टेजवर चढले. टाळ्या वाजत होत्या, मग पुढच्या रांगेतल्यांना पाय दिसला अन् तिथून टाळ्या बंद पडत पडत मागं गेल्या. ह्यांनी माइक घेतला. मला वाटलं, आता हे ह्याचाही उपदेश करतील, दोन-चार वचनं लावतील, लोकांना रडवतील. त्यांना येतंय ते.

"सलाम," म्हणाले. "माझ्याजवळ साक्ष न्हाई. माझं पाऊल बरं झालेलं न्हाई. मी कंडक्टर होतो, पण गाडी सुटायच्या आधीच पोचली म्हणून सांगितलं. डॉक्टरनं अंगठा काढायला सांगितला, तरी मी आलो, कारण तुमी टाळ्या वाजवणार होते. ज्यांनी माझं ऐकून औषध सोडलं असंल, त्यांनी चालू करा. मला माफ करा."

सभेचे पुढारी घाईघाईनं पुढं आले. त्यांना सभा सांभाळायची होती, त्यांचं पण काय चुकलं म्हणा. म्हणाले, "आपण बंधूंच्या विश्वासासाठी प्रार्थना करू या."

हे म्हणाले, "विश्वासासाठी पण करा. पण आधी पायासाठी करा."

कुणीतरी हसलं. कुणीतरी मागून "ढोंगी!" म्हणलं, चांगलं मोठ्यानं म्हणलं. हालेलुया कुणीच म्हणलं न्हाई. हार्मोनियमवाल्याला कळंना, वाजवावं की न्हाई. त्यानं एक सूर धरला अन् सोडून दिला. ज्या गोष्टीला हा माणूस इतके दिवस भीत होता, ती सगळी झाली. पुरुषांच्या बाजूनं हे खाली उतरले तर लोकांनी गुडघे आवरून घेतले, वाट दिली, पण हात कुणी दिला न्हाई. मला वाटलं होतं, ह्यांची अशी एकदा जिरली की माझ्या जिवाला थंडक पडंल. न्हाई पडली. मला त्या ढोंगी म्हणणाऱ्याला शोधून काढावं वाटलं. माझ्या नवऱ्याला ढोंगी म्हणायचं तर मी म्हणीन, तू कोण रे?

मी रिक्षा आणली. ह्यांना कोंबलं अन् गुणाबाईलाही कोंबलं. ती म्हणती, "मला कशाला? मी जाते की घरी." मी म्हणलं, "गप बसा. तुमची शुगर तपासल्याबिगर सोडायची न्हाई. ह्यांनी केलेला पसारा हाय, आवरायला मीच हाय." रिक्षाभर मी बोलत होते, दोघं गपचीप बसले होते.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गुणाबाईला लगेच सुई टोचली, सलाईन लावली, तिच्या लेकीला फोन केला. लेक फोनवर मला वाट्टेल ते बोलली. मी ऐकून घेतलं. ह्यांना डॉक्टरीणबाईनं बघितलं अन् ती माझ्यावरच घसरली, "इतके दिवस काय करत होतात घरी? दिसत नव्हतं तुम्हाला?" माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "बाई, तिला बोलू नका. ती रोज सांगत होती. मी ऐकलं न्हाई. मलम तिनंच लावलं होतं."

मलमाचं कुणी विचारलंच नव्हतं. पण बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. अंगठा जाणार हे ठरलेलंच. पाऊल राहील की न्हाई, ते उघडून बघितल्यावर सांगू म्हणाले. आता आधीच सांगून टाकते, उगं तुमचा जीव टांगणीला लावून मला काय मिळणार हाय? अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं, पाऊल राहिलं. पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं हाय. पाऊल राहील का जाईल, हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हाचं.

ह्यांना हिरवे कपडे घालून ढकलगाडीवर झोपवलं होतं, दाराबाहेर. आत आधीचं ऑपरेशन चालू होतं म्हणून थांबवलेलं. तनू लातूरहून निघाली होती, पोचली नव्हती. आमी दोघंच. मी वाट बघून राहिले, हे आता प्रार्थना सुरू करतील अन् सगळा दवाखाना गोळा होईल. पण हे छताकडं बघत पडले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या माणसाचा आवाज नव्हता! मला त्याचीच भीती वाटली. पायापेक्षा जास्त त्याचीच.

मग माझ्याकडं मान वळवली. म्हणाले, "उज्वले, राहील का गं पाऊल?"

मी रात्रभर बाकड्यावर बसलेली. पोटात अन्न न्हाई, डोळ्याला डोळा न्हाई. अन् हा माणूस, ज्यानं सगळ्या जगाला छातीठोकपणे सांगितलं की देव काय करणार हाय, तो आता मला विचारतो! मी फाडकन म्हणलं, "मला काय विचारता? मी काय देव हाय का?"

मग हळूच म्हणाले, "मी पण न्हाई."

उपदेशाच्या आवाजात न्हाई. मला रडवायला पण न्हाई. स्टॉप आला की कंडक्टर सांगतो तसं, साधं. अन् त्यांच्या तोंडावर जे इतके दिवस ताणून धरलेलं होतं, ते सुटलं. मला हुंदका आला, अन् हुंदका आला म्हणून पुन्हा राग आला.

आतून वॉर्डबॉय आला, म्हणाला, "चला काका."

ह्यांनी हात पुढं केला, मी धरला. "आता गप पडून राहा," मी म्हणलं. "जे करायचं ते तो करंल."

"हाव," म्हणाले, अन् डोळे मिटून गप पडून राहिले.